कंपनीचा आरोग्य विमा: कोण पात्र, कोण अपात्र, आणि हे ठरवायचं कुणी?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या टाइम ऑफिसात मी बावीस वर्षं काढली. मस्टर, पगारपावत्या, ईएसआयचं रिटर्न, ठेकेदारांची बिलं, सगळं माझ्याच टेबलावरून जायचं. आता रविवारी सकाळी लोक कागद घेऊन घरी येतात. कुणी मच्छेहून, कुणी होनग्याहून, कुणी खानापूर नाहीतर निपाणीकडून. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवतो आहे.

ईएसआय आणि मेडिक्लेम यात फरक काय? कंपनीत दोन्हीला ‘इन्शुरन्स’च म्हणतात.

इथेच बहुतेकांची फसगत होते. ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विमा, हा कायद्याने दिलेला हक्क आहे. तो कुणाला लागू होतो हे संसदेने ठरवलंय, त्यात मालकाला काडीचाही फेरफार करता येत नाही. ग्रुप मेडिक्लेम ही कंपनीने विमा कंपनीकडून घेतलेली पॉलिसी. ती घेतलीच पाहिजे असं सरसकट बंधन खासगी मालकावर नाही, त्यामुळे तिचे नियम तो बराचसा स्वतः ठरवतो.

म्हणून ‘तू बसत नाहीस’ असं कुणी सांगितलं की पहिला प्रश्न हा विचारा: कशात बसत नाही, ईएसआयमध्ये की मेडिक्लेममध्ये? पुढचं सगळं या एका उत्तरावर अवलंबून आहे.

ईएसआय नक्की कुणाला लागू होतो?

दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या कारखान्यात किंवा आस्थापनेत, महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या प्रत्येकाला. अपंग कामगारासाठी ही मर्यादा २५,००० आहे. दोन्ही आकडे २०१७ च्या सुरुवातीपासूनचे. कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के कापतात आणि मालक स्वतःचे ३.२५ टक्के घालतो. हे दर १ जुलै २०१९ पासूनचे आहेत. १९४८ चा जुना ईएसआय कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेलाय आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

परमनंट की टेम्पररी, हेल्पर की ऑपरेटर, प्रोबेशनवर की जुना, याने काही फरक पडत नाही. कामावर आल्या दिवसापासून माणूस विमाधारक.

आमच्या शेडमध्ये मस्टरवर नऊच जण आहेत. मालक म्हणतो, दहा नाहीत म्हणून ईएसआय नाही.

मस्टर बाजूला ठेवा आणि माणसं मोजा. फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायला, ठेकेदाराचे तिघे असतील, दारावर वॉचमन असेल, तर तेही मोजायचे. आमच्याकडे एकाच शेडला दोन नावांच्या पाट्या लावून दहाचे पाच-पाच केलेलेही मी पाहिले आहेत. भट्टी एक, वीजमीटर एक, मालक एक असेल तर ईएसआयचे अधिकारी दोन्ही मिळून एकच आस्थापना धरू शकतात. आणि एकदा कायदा लागू झाला की पुढे माणसं कमी होऊन आठ झाली तरी तो सुटत नाही.

माझ्या हातात २३,००० येतात, म्हणून मला ईएसआयमधून बाहेर काढलंय. बरोबर आहे का?

नुसत्या हातात येणाऱ्या आकड्यावर उत्तर देता येत नाही. मर्यादा मोजताना ओव्हरटाइम धरत नाहीत. महिनाभर डबल ड्युटी करून एखाद्याचा पगार २४,००० झाला म्हणून तो बाहेर जात नाही. नव्या संहितेत वेतन म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता. बाकीचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. पगारपावतीवरची प्रत्येक ओळ घेऊन बसावं लागतं. माझ्याकडे येताना तीन महिन्यांच्या पावत्या आणा.

पगारवाढ झाली आणि खरोखरच २१,००० ओलांडले. कार्ड लगेच बंद?

नाही. वर्गणीचे, म्हणजे या कपातीचे आणि मालकाच्या वाट्याचे, दोन हंगाम असतात: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. जूनमध्ये वाढ झाली तर सप्टेंबरअखेरपर्यंत कपात चालूच राहते. त्या सहा महिन्यांच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो. वाढीचं पत्र हातात पडलं त्याच दिवशी कपात थांबवली असेल तर ती चूक आहे, टाइम ऑफिसला दाखवून द्या.

मी ठेकेदाराचा माणूस. कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखवते, ठेकेदार फोन उचलत नाही.

ज्याच्या आवारात, ज्याच्या कामासाठी तुम्ही राबता तो मुख्य मालक. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर ती भरायची जबाबदारी मुख्य मालकाची, आणि ती त्याने ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यावी. कायद्यानेच त्याला तशी सोय दिलीय. म्हणून ‘ते ठेकेदाराचं बघा’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. गेटपासची झेरॉक्स जपून ठेवा. तुम्ही त्या कंपनीत होता याचा तो सगळ्यात सोपा पुरावा.

पैसे दर महिन्याला कापतात, पण डिस्पेन्सरीत गेलं की कार्ड चालत नाही.

या प्रश्नावर मी थोडं जास्त लिहिणार आहे.

मागच्या पावसाळ्यात एक बाई आल्या. नवरा एका मशीन शॉपमध्ये ऑपरेटर, किडनीचा त्रास सुरू झालेला. दुधाच्या रिकाम्या पिशवीत चौदा महिन्यांच्या पगारपावत्या घडी करून आणल्या होत्या, रबर लावून. वेतन १४,४००. प्रत्येक पावतीवर तीच ओळ: ईएसआय १०८. म्हणजे मालकाचे ४६८ धरून महिन्याला ५७६ रुपये जमा व्हायला हवेत. मोबाइलवर नवऱ्याच्या आयपी नंबरने, म्हणजे ईएसआयच्या विमाधारक क्रमांकाने, खातं उघडलं. चौदापैकी पाच महिन्यांपुढे शून्य. त्या बाईंनी पावती आणि मोबाइल शेजारी शेजारी धरून पाहिलं आणि विचारलं, ‘मग हे एकशेआठ गेले कुठे?’

कामगाराच्या पगारातून कापलेला पैसा न भरणं हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आणि मालकाने भरलं नाही म्हणून कामगाराचा लाभ बुडत नाही. ईएसआय चालवणाऱ्या महामंडळाने लाभ द्यायचा आणि मालकाकडून वसूल करायचा, अशी कायद्याची रचना आहे. हे काउंटरवर ठामपणे सांगावं लागतं, कारण समोरचा माणूस कॉम्प्युटरवर जे दिसतं तेवढंच बोलतो.

आम्ही पावत्यांच्या झेरॉक्स लावून लेखी तक्रार दिली. पाच महिन्यांचे पैसे भरले गेले, पण त्यात अडीच महिने गेले आणि तेवढ्यात त्यांनी डायलिसिससाठी गळ्यातलं गहाण टाकलं होतं. म्हणून सांगतो, आजारी पडायची वाट बघू नका. दर तीन महिन्यांनी ईएसआयच्या पोर्टलवर किंवा उमंग ॲपवर स्वतःचं खातं पाहा. आयपी नंबर माहीत नसेल तर उद्याच टाइम ऑफिसला मागा. तो देणं त्यांचं काम आहे.

कामावर लागून चारच दिवस झाले होते, नोंदणी व्हायची होती, आणि हात भाजला. आता?

नोंदणी हे मालकाचं काम, ते राहिलं म्हणून कामगार विम्याबाहेर जात नाही. कामावरच्या अपघाताला ‘इतके दिवस वर्गणी हवी’ अशी अटच नाही. तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या ९० टक्के दराने पैसे मिळतात. साध्या आजारपणाचा पैसा वेगळा: आधीच्या सहा महिन्यांच्या हंगामात ७८ दिवसांची वर्गणी लागते आणि वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मिळतात.

अपघाताच्या दिवशी एक गोष्ट विसरू नका. अपघात वहीत नोंद झालीच पाहिजे, आणि दवाखान्यात ‘घरी पडलो’ असं सांगू नका, कुणी कितीही गळ घातली तरी. केसपेपरवर एकदा ते वाक्य गेलं की पुढे वर्षभर त्याच्याशी झगडावं लागतं. मी हे तीनदा पाहिलंय आणि तिन्ही वेळा सांगणारा सुपरवायझर चांगला, ओळखीचा माणूस होता.

कामगारानेच लिहून दिलं की ‘मला ईएसआय नको, पूर्ण पगार द्या’. चालतं का?

नाही. हक्क सोडून देण्याचा असा करार कायद्यात टिकत नाही. खेड्यातून येणारी तरुण मुलं शंभर रुपयांसाठी सही करून मोकळी होतात. त्यांना मी दोष देत नाही, पण तो कागद पुढे करणाऱ्याला नक्की देतो.

कंपनीचा मेडिक्लेम प्रोबेशनवाल्यांना सहा महिने नाही. हे कायदेशीर आहे?

हो, मेडिक्लेमच्या बाबतीत कायदेशीर आहे. नियम लेखी हवा आणि सगळ्या नव्या माणसांना सारखा लावलेला हवा. साहेबांच्या भाच्याला पहिल्या दिवशी कार्ड आणि बाकीच्यांना सहा महिने, असं झालं तर नियमाचाच आधार घेऊन विचारता येतं.

न्याय्य आहे का? मला तसं वाटत नाही. नवा माणूसच मशीनला सरावलेला नसतो. मालकाला हप्त्याची चिंता असते हेही मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय, पण मध्येच रुजू झालेल्या माणसाला पॉलिसीत घालायचं तर उरलेल्या महिन्यांपुरताच हप्ता पडतो. रक्कम फार मोठी नसते.

ऑफिस स्टाफला पाच लाख, शॉपफ्लोअरवरच्या कामगारांना एक लाख, ठेक्यावरच्यांना काहीच नाही. असा फरक करता येतो?

पदाप्रमाणे विम्याची रक्कम कमी-जास्त ठेवायला बंदी नाही. समानतेचे मूलभूत हक्क, म्हणजे राज्यघटनेचे अनुच्छेद १४ आणि १६, हे सरकारविरुद्ध मागता येतात, खासगी मालकाविरुद्ध थेट नाही. पण काही रेषा त्यालाही ओलांडता येत नाहीत.

ठराविक मुदतीच्या नेमणुकीवर घेतलेल्या कामगाराला त्याच कामावरच्या परमनंट माणसासारखेच फायदे द्यावे लागतात, हे नव्या कामगार संहितांनी स्पष्ट केलंय. त्यामुळे ‘दोन वर्षांच्या ऑर्डरवर आहेस म्हणून मेडिक्लेम नाही’ हे आता चालणार नाही. युनियनशी झालेल्या करारात विमा लिहिलेला असेल तर तो करार बांधून ठेवतो. बाई आहे म्हणून कमी, असं तर मुळीच करता येत नाही.

माझं मत विचाराल तर, भट्टीपुढे उभ्या माणसाला एक लाख आणि एसीत बसणाऱ्याला पाच लाख हा फरक कायद्यात बसला तरी मनाला पटत नाही. वाटाघाटीच्या टेबलावर हा मुद्दा पगारवाढीइतक्याच जोराने मांडा. बहुतेक युनियन तो शेवटच्या पाच मिनिटांत मांडतात.

आई-वडील बसतात का? आणि सासू-सासरे?

ईएसआयमध्ये अवलंबून असलेले आई-वडील बसतात, त्यांच्या उत्पन्नाला मर्यादा आहे. नव्या संहितेत एक चांगली गोष्ट झाली: महिला कामगाराच्या कुटुंबात तिचे अवलंबून असलेले सासू-सासरेही धरले आहेत. आमच्याकडच्या कितीतरी सुना नोकरी करून सासूचं औषधपाणी बघतात. त्यांनी ही नोंद करून घ्यावी. शिकणारा अवलंबून मुलगा २१ व्या वर्षापर्यंत, आणि अवलंबून असलेली मुलगी लग्न होईपर्यंत.

मेडिक्लेममध्ये पॉलिसी सांगेल तेच कुटुंब. कुठे नवरा-बायको आणि दोन मुलं, कुठे आई-वडील जादा हप्ता भरून.

गेल्या वर्षीपर्यंत आई-वडील होते, या वर्षी कंपनीने न सांगता काढले.

न सांगता काढणं हीच पकडायची जागा आहे. वर्षानुवर्षं चालत आलेली सवलत काढून घ्यायची तर कामगारांना २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. हे जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. सुपरवायझर आणि मॅनेजर मंडळींना हे संरक्षण सरसकट मिळत नाही. नोटीस मिळाली नसेल तर युनियनमार्फत, युनियन नसेल तर चार-पाच जणांनी सह्या करून कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज द्या.

आधीचा आजार, अपंगत्व, मानसिक आजार, एचआयव्ही: या कारणावरून विम्याबाहेर ठेवता येतं?

ईएसआयमध्ये असा प्रश्नच येत नाही. ग्रुप मेडिक्लेममध्ये आधीचे आजार बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात, पॉलिसी वाचून खात्री करा. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायचं, असं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना बजावलंय. त्याच वर्षीच्या एचआयव्ही कायद्याने नोकरीतला भेदभाव थांबवलाय, आणि अपंगांसाठी २०१६ चा हक्क कायदा आहे. कुणी भरती करताना ‘शुगर आहे का, मग ग्रुपमध्ये घेता येणार नाही’ म्हणालं, तर ते लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की सूर बदलतो.

गरोदरपणात काय?

ईएसआयमध्ये २६ आठवडे पूर्ण वेतन. दोन मुलं आधीच असतील तर १२ आठवडे. आधीच्या दोन वर्गणी हंगामांत मिळून ७० दिवसांची वर्गणी हवी. ईएसआय नसेल तर मालकाने स्वतः तेवढीच रजा पगारी द्यायची, गेल्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की झालं. या काळात कामावरून काढता येत नाही.

साखर कारखान्यात आहे. तिथे ईएसआय का नाही?

चिकोडी, अथणी, हुक्केरीकडून हा प्रश्न हमखास येतो. फक्त हंगामी स्वरूपाचं उत्पादन करणारे कारखाने ईएसआयमधून वगळलेले आहेत आणि त्यात साखर आणि गूळ आहे. ही वगळणूक १९४८ च्या कायद्याच्या वळणाची. त्या काळी हंगाम संपला की माणूस शेतावर जायचा. आज गाळप थांबल्यावरही दुरुस्तीचं काम चालतं आणि कायम कामगार वर्षभर हजेरी लावतो. त्याला या नियमाने बाहेर ठेवणं मला अन्यायाचं वाटतं, पण तो नियम आहे. तिथे करारातला मेडिक्लेम हाच आधार, म्हणून करार होताना विम्याचं कलम नीट वाचा.

निपाणीच्या विडी कामगार बायांसाठी वेगळा कल्याण निधी आणि दवाखाने आहेत, १९७६ च्या कायद्यापासून. ओळखपत्र असेल तर वापरा.

राहतो बेळगावात, कामाला शिनोळीला. कुठल्या राज्याचा नियम?

ईएसआय केंद्राचा, त्यामुळे हद्दीचा प्रश्न येत नाही. तोच आयपी नंबर दोन्हीकडे चालतो आणि घराजवळची डिस्पेन्सरी निवडता येते. निपाणीहून कागलला जाणाऱ्यांनाही हेच. कुटुंब गावाकडे राहत असेल तर त्यांची डिस्पेन्सरी वेगळी नोंदवता येते. मात्र मालकाविरुद्धची तक्रार कारखाना जिथे आहे तिथल्या कार्यालयात जाते. शिनोळीचा कारखाना चंदगड तालुक्यात, म्हणून कोल्हापूरच्या बाजूला.

मेडिक्लेमच्या यादीत जवळचं हॉस्पिटल नाही. आम्हाला कोल्हापूर सोयीचं पडतं.

राज्य कुठलंही असो, पॉलिसी देशभर चालते. जानेवारी २०२४ पासून यादीबाहेरच्या हॉस्पिटलातही कॅशलेस मागता येतं. ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर ४८ तास आधी कळवायचं, तातडीने दाखल केलं तर ४८ तासांच्या आत. हॉस्पिटल तयार असायला हवं, हे मात्र खरं.

बीपीएल कार्ड आहे, मग ईएसआय कशाला?

आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. महाराष्ट्राने महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली आहे. दोन्ही योजना सरकारच्या. त्या दाखवून मालकाला ईएसआय टाळता येत नाही. शिवाय आजारपणात बुडालेला पगार या योजना देत नाहीत, ईएसआय देतो.

नोकरी सुटली किंवा रिटायर झालो. विमा गेला?

पाच वर्षं ईएसआयमध्ये काढून निवृत्त झालेल्याला वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी उपचार चालू ठेवता येतात. हे टाइम ऑफिसमधले लोकही सांगत नाहीत. ग्रुप मेडिक्लेममधून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधी काढलेला प्रतीक्षा काळ, म्हणजे काही आजारांचा खर्च मिळण्याआधी थांबावं लागतं तो काळ, वाया जात नाही. हे काम शेवटच्या पगाराच्या आधी करा, नंतर कुणी दाद देत नाही.

तक्रार कुठे करायची? आणि मराठीत चालेल का? आम्हाला कानडी लिहिता येत नाही, इंग्रजी कळत नाही.

ईएसआयबद्दल: आधी स्थानिक शाखा, मग हुबळीचं उपप्रादेशिक कार्यालय. टोल फ्री नंबर १८००-११-२५२६. त्यावरही न सुटलेला वाद कामगार विमा न्यायालयात जातो. मेडिक्लेमचा दावा नाकारला तर आधी विमा कंपनीला लेखी कळवा, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर बेंगळुरूच्या विमा लोकपालाकडे, वर्षाच्या आत, ५० लाखांपर्यंतच्या दाव्यासाठी. फी नाही, वकील नाही. ‘कंपनीने मला ग्रुपमध्ये घेतलंच नाही’ ही मात्र लोकपालाची बाब नव्हे, ती कामगार खात्याची.

आणि भाषा. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो. मराठीत लिहिलाय म्हणून अर्ज परत करता येत नाही. पॉलिसीचा ग्राहक माहिती तक्ताही मागितल्यास स्थानिक भाषेत द्यावा लागतो.

तरी व्यवहाराचं सांगतो. अर्ज मराठीत लिहा, आणि ओळखीच्या कानडी पोराकडून त्याची एक कानडी प्रत करून खाली जोडा. आमच्या गल्लीतला कॉलेजचा मुलगा हे काम आनंदाने करतो. वर आयपी नंबर, कंपनीचं नाव, कुठल्या महिन्यांची कपात दिसत नाही ते महिने, आणि पगारपावत्यांच्या झेरॉक्स. दोन प्रती न्या. एक द्यायची, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्यायची. शिक्का मिळेपर्यंत खिडकीसमोरून हलू नका.